थांबलेला हात

दिवा मंद करा. श्वास मुद्दाम लांबवू नका, आपसूक येतोय तसा येऊ द्या.

मनाच्या पडद्यावर एक नदी आणा. साल 1462. उंच तटावर एलिझाबेटा उभी आहे. बाणाबरोबर आलेली चिठ्ठी सांगते की व्लाद लढाईत पडला. बातमी खोटी आहे, पण ते कळण्याआधीच ती नदीत उडी घेते. व्लाद जिवंत परततो, तेव्हा ती प्रार्थनामंदिराच्या फरशीवर निजलेली असते. आत्महत्या केलेल्या जिवाला मुक्ती नाही, असं धर्मगुरू सांगतात. तो क्रुसात तलवार खुपसतो आणि देवाकडे कायमची पाठ फिरवतो.

इथे थोडं थांबा. त्याचा राग जरा जवळून पाहा. त्याच्या तळाशी दुःखच आहे ना?

हे सारं फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या 1992 च्या ‘ड्रॅक्युला’ चित्रपटात आहे; हाच व्लाद पुढे काउंट ड्रॅक्युला होतो. ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत एलिझाबेटा नाही. ती कादंबरी डायऱ्या आणि पत्रांतून उलगडते, पण त्यांत काउंटची स्वतःची डायरी नाही. सगळे त्याच्याविषयी लिहितात, त्याचं मन मात्र बंदच राहतं. पटकथाकार जेम्स हार्टने ते उघडलं आणि लंडनच्या मीनामध्ये एलिझाबेटाचा चेहरा ठेवला.

तरी या प्रेमाचं बी मला कादंबरीतच दिसतं. काउंटने मीनाला बळजबरीने स्वतःचं रक्त पाजलेलं आहे, तिच्या कपाळावर डाग उमटला आहे. अशा वेळी ती त्याच्या मागावर निघालेल्या पुरुषांना सांगते की त्या जिवाचीही कीव करा. हे वाक्य घाईने ओलांडू नका. जिचं सर्वात जास्त गेलं, तिच्याच तोंडी हे आहे. दोन श्वास इथेच राहा.

आता भिंतीकडे पाहा. चित्रपटातल्या वाड्यात म्हातारा काउंट पाहुणा आलेल्या हार्करशी अदबीने बोलतो आहे. त्याची सावली मात्र त्याचं ऐकत नाही. ती वेगळीच हलते, हात पुढे करते. कोपोलाने इथे संगणक टाळला आणि सिनेमाच्या बाल्यातल्या जुन्या युक्त्या वापरल्या. म्हणूनच की काय, ती सावली मला खरी वाटते. तुमचं तोंड गोड बोलत असतं, तेव्हा तुमची सावली कुठे हात नेते? उत्तर शोधू नका. नुसतं भिंतीकडे पाहत राहा.

आणि मग तो प्रसंग. काउंट आपल्या छातीवर जखम करतो, मीना ओठ टेकवायला वाकते आणि तो तिला दूर सारतो. चार शतकं जिची वाट पाहिली, ती मिळत असताना त्याचा हात थांबतो, कारण आपला शाप तिला लागेल हे त्याला कळतं. मला सगळ्या चित्रपटात हा क्षण सर्वात मोलाचा वाटतो. पुढे ती विनवते आणि तो हरतो, हेही खरं. पण तेवढा वेळ तहानेपुढे प्रेम उभं राहिलं होतं. तुमचाही हात कधी असा थांबला असेल. आठवा.

मीनाच्या मैत्रिणीला, लूसीलाही आठवा. तिच्याजवळ त्याचा हात थांबला नाही. मीनावरचं प्रेम पाहताना तिचं थडगं नजरेआड होऊ देऊ नका; मला तरी ते करवत नाही.

आता परत त्याच प्रार्थनामंदिरात या. मेणबत्त्या आपोआप उजळतात. तो जखमी, पुन्हा म्हातारा, फरशीवर पडला आहे. मीना त्याचं चुंबन घेते. त्याच्या छातीतलं पातं ती स्वतःच्या हातांनी आत लोटते. मग ती मान वर करते. छतावर ते दोघं रंगवलेले आहेत, व्लाद आणि एलिझाबेटा.

पाहत राहा. दिवा इतक्यात मोठा करू नका.