भाव कोण सांगतं?

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि विमानतळालगतच्या उलवे-गव्हाण पट्ट्यात एक जुनी चर्चा नव्याने पेटली: स्थानिक बायकांना नोकऱ्या किती मिळणार? ‘किती’ला एक आकडा फेकला की सगळ्यांचं समाधान होतं. कामाचं स्वरूप मग कुणी विचारत नाही.

मुळात मोजण्यातच गोम आहे. जनगणनेत एखाद्या गावाला ‘नगर’ ठरवायचं तर लोकसंख्या किमान 5000 हवी, घनता चौरस किलोमीटरला 400 हवी, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर असायला हवेत. फक्त पुरुष. गावातल्या यच्चयावत बायका शेत सोडून कंटेनर यार्डात गेल्या, तरी या कसोटीवर तसूभर फरक पडत नाही.

बायकांच्या कामाबद्दल शिकलेल्या मंडळींनाही पटलेलं स्पष्टीकरण असं: पैसा आला, म्हणून बायका घरी बसल्या. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने जमीन घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, बिल्डरशी करार झाले, दारात गाडी आली. आता लावणीला चिखलात कोण उतरणार? घरचं उत्पन्न वाढलं की बाईचं बाहेरचं काम सुटतं, हे अर्थशास्त्रातलं सूत्रही त्यांच्या मदतीला येतं. सूत्र सर्वस्वी खोटं नाही. इथे मात्र ते लागू पडत नाही.

पहिली गोष्ट क्रमाची. संपादन सुरू झालं 1970च्या दशकात. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984चं आंदोलन झालं, पाच जण हुतात्मे झाले. आणि साडेबारा टक्क्यांची योजना हाती यायला 1990चं दशक उजाडलं. म्हणजे काम आधी गेलं, पैसा मागाहून आला. भातखाचर, खाडी, मिठागर ही बायकांची कामाची ठिकाणं होती. तीच भरावाखाली गेल्यावर ‘घरी बसल्या’ हे क्रियापद कुणाला लावायचं?

दुसरं, ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचं काय? मासळी विकणारी, मिठागरावर मजुरीला जाणारी, वाडीवरची कातकरीण. यांचं काम गेलं. समृद्धी मात्र दुसऱ्याच दारात उतरली. तिसरं, ज्या बसल्या म्हणतात त्या तरी कुठे बसल्या? भाड्याच्या खोल्या कोण सांभाळतं, डिपॉझिटचा हिशेब, पाण्याची वेळ, रिकामी खोली भरणं? पाहणीदार विचारतो तेव्हा उत्तर येतं, ‘घरकाम’. आणि चौथं: केंद्राच्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24मध्ये तो 41.7 टक्के झाला. पैशाने बायका घरी बसत असतील, तर या सहा वर्षांत देश गरीब झाला म्हणावं लागेल. तसं म्हणायला हीच मंडळी तयार होणार नाहीत. या वाढीत मोठा वाटा स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात घरच्याच धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याही मोजल्या आहेत, हे ही मंडळी सोयीने विसरतात.

पैशाचं कारण टिकत नाही, तसा ‘समाजच सनातनी’ हा आरोपही आळशी आहे. ‘कौशल्य प्रशिक्षण द्या’ हा उपाय शिबिराच्या फोटोपलीकडे क्वचित जातो.

कामाचं स्वरूप विचारायचं तर, माझ्या मते व्यवसायांची खरी विभागणी शेती-बिगरशेती अशी नाही, जुने-नवे अशीही नाही. भाव सांगणारी आणि ठरलेला दर मुकाट घेणारी, एवढीच आहे. बाजारात पाटी मांडून बसलेली कोळीण भाव सांगते, घासाघीस ऐकते, नाही म्हणते. लिलावात आणि उधारीत तीही अडकलेली असते, हे मान्य. आणि घरच्या शेतात राबलेल्या आगरी बाईला तर भावच नव्हता. तेव्हा हा गतकाळाचा गौरव नव्हे. कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे हाउसकीपिंगला लागलेल्या मुलीच्या गळ्यात ओळखपत्र आहे, गावात मान आहे. पण दर ठेकेदाराचा. उलट उलव्याच्या इमारतींत भांडी-लादी करणारीला मान कमी, तरी बायका आपसांत बोलून कामागणिक दर धरून ठेवतात, आणि कमी पैशात जाणारीला दटावतातही. प्रतिष्ठेची उतरंड आणि सौद्यातली ताकद इथे परस्परविरुद्ध दिशांना जातात.

अंगणवाडी सेविका एकेकटीने भाव सांगू शकत नाही. तिचं मानधन शासननिर्णयाने ठरतं. म्हणूनच 4 डिसेंबर 2023पासून राज्यभर संप झाला आणि तो दीड महिन्याहून अधिक चालला. एकटीला जे जमत नाही ते संघटनेने करायचं असतं.

म्हणून विमानतळावर स्थानिक बायकांसाठी टक्के मागण्याआधी ठेका कुणाकडे जाणार आणि त्यातला दर ठरवताना त्या बायकांच्या वतीने कोण बसणार, हे प्रकल्पग्रस्तांच्या नेत्यांनी लेखी मागून घ्यावं. टक्केवारी त्यानंतर बोलता येईल; आधी बोललो, तर ती ठेकेदाराच्याच कामी येईल.