खाटेवरचा आजार

आजारी कोणाला म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. पण पैसे कोणी भरायचे हे ठरवू लागलो की तो नीतीचा होतो. आमच्या जवळा बाजारसारख्या गावातला मूत्रपिंड निकामी झालेला माणूस सकाळच्या एस.टी.ने परभणीला किंवा हिंगोलीला डायलिसिससाठी जातो आणि संध्याकाळी घरी परततो. आयुष्मान भारत किंवा महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेतून त्याचा खर्च निघू शकतो. तो रात्री दवाखान्यात झोपला नाही म्हणून त्याच्या आजाराबद्दल कोणी शंका घेत नाही. मनाच्या आजाराला मात्र हा न्याय लागू नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा. तो मे 2018 मध्ये अमलात आला. त्याचे कलम 21 विमा कंपन्यांना बजावते की मनाचा आणि शरीराचा आजार एकाच मापाने मोजा. आयुष्मान भारतच्या यादीतही मानसिक आजार आहेत, ही समाधानाची गोष्ट. पण मदत मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाला. बाह्यरुग्ण उपचार योजनेबाहेर. आठवड्यातले पाच-सहा दिवस सकाळी यावे, औषध घ्यावे, समुपदेशन व्हावे, गटात बसावे, हाताला काहीतरी काम असावे आणि संध्याकाळी आपल्या घरी जावे, असा मधला इलाज यातल्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. मग गरीब कुटुंबाने काय करावे? माणूस दूर नेऊन ठेवावा, नाहीतर घरात कोंडावा. तिसरी वाट दर्ग्याची. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली आणि 28 मनोरुग्ण मेले. साखळदंड असल्याने त्यांना पळता आले नाही. घरच्यांना अंधश्रद्ध म्हणून झोडपणे सोपे आहे. दुआ मागणे वेगळे आणि साखळी वेगळी, हे आम्हीही म्हणतो. पण दिवसभर सांभाळून संध्याकाळी माणूस परत देणारी जागा त्यांच्या ऐपतीत कुठे होती, हेही विचारले पाहिजे.

आक्षेप असा की खाट मोजता येते, बोलत बसलेल्या रुग्णाचे काय मोजणार? खोटी बिले निघतील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु आम्हा शिक्षकांचा निम्मा वेळ हजेरीपटातच जातो. कोण आले, काय केले, काय फरक पडला, हे लिहिता येते आणि तपासताही येते. शिवाय खोटे बिल खाटेच्या नावानेही काढता येतेच. उर्दूत वेडाला 'जुनून' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या अरबी धातूचा अर्थ झाकणे असा आहे. झाकलेल्या आजाराकडे आपण खाटेचा पुरावा मागतो.

आणि उद्या योजनेने हा खर्च उचलला तरी एक गोष्ट उरतेच. अशा रुग्णाबरोबर रोज घरचे कोणीतरी जावे लागते. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत त्याची मजुरी बुडते. ती कोणत्या पॅकेजात धरायची?