आजारी माणसाचे मन

'पॉझिटिव्ह राहा' हे शब्द आपल्या तोंडी आता चांगलेच रुळले आहेत. गावाकडे कुणी आजारी पडले, की परदेशातून आपण फोनवर हेच सांगतो. देण्यासारखे दुसरे काही हाताशी नसते.

माझ्या मावसभावाला सोलापुरात तोंडाचा कर्करोग झाला. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचे शब्द नीट उमटत नसत. एकदा तो सावकाश म्हणाला, "दादा, मन प्रसन्न ठेव म्हणतात सगळे. मला रडू आलं तर भीती वाटते, दुखणं परत आलं तर दोष माझाच."

मनाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, हे खरे. दीर्घकाळ ताण राहिला, की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके पांढऱ्या पेशींचे काम बदलतात. पण ही वाट दुहेरी आहे. गाठीभोवतीच्या दाहातून इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने रक्तात मिसळतात, त्यांचा संदेश मेंदूपर्यंत जातो आणि थकवा येतो, अन्नावरची वासना उडते, कुणाशी बोलावेसे वाटत नाही. साध्या तापातही आपण हे अनुभवतो. त्यात घास गिळता येत नाही, आरशातला चेहरा ओळखू येत नाही! मग ही उदासी म्हणजे मनाचा दुबळेपणा कसा? कित्येकदा ती आजाराचेच एक लक्षण असते.

१९८९ साली डॉ. डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटाने बसून मन मोकळे करणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या, असे त्यात दिसले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील मोठ्या चाचणीत मात्र आयुष्य वाढले नाही. मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या. मला हे पुरेसे वाटते. दुःख हलके करायला आयुष्य वाढण्याची अट कशाला हवी?

'तंबाखू सोड' हे सांगणे वेगळे. ते अवघड असले तरी माणसाच्या हातात आहे. नुसत्या सुपारीनेही हा रोग होतो (पूजेतल्या नव्हे, चघळायच्या सुपारीबद्दल बोलतो आहे). महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी जेवणानंतरची सुपारी आपण इथेही पाहुण्यांपुढे ठेवतोच. पण 'उदास होऊ नकोस' ही आज्ञा कुणाला पाळता येईल?

त्यापेक्षा आज काय गिळता आले, झोप लागली का, हे विचारावे. रडू आले तर रडू द्यावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर घरच्यांनी ती डॉक्टरांच्या कानावर घालावी. तिच्यावर समुपदेशन आहे, औषधेही आहेत.