राखणदाराची राखण



आजचं वाचन : महाभारत, महाप्रस्थानिक पर्व, अध्याय ३. जोडीला आदिपर्व, अध्याय ३.

गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पाच पांडव, द्रौपदी आणि मागोमाग आलेला एक कुत्रा असे सात जण हस्तिनापुरातून निघाले. वाटेत द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. उरले युधिष्ठिर आणि कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चल, पण कुत्र्याला जागा नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला, हे ऐकून आपण खूश होतो. या गडबडीत मधला संवाद मात्र सुटतो. आज तेवढाच बघू.

इंद्राचे मुद्दे अगदी व्यवहारी आहेत. पहिला : एवढं मोठं फळ समोर आहे, त्यासाठी एक कुत्रा सोडलास तर त्यात क्रूरपणा नाही. दुसरा : कुत्रा बाळगणाऱ्याला स्वर्गात स्थान नाही, त्याचं पुण्यही हिरावलं जातं. तिसरा तर वर्मी लागणारा : भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग या कुत्र्यावरच का अडलास?

यावर युधिष्ठिर जे सांगतो त्याचा अर्थ असा : ते गेले होते, मेलेल्याला मी परत आणू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. हा तर जिवंत आहे.

आणि तो कुत्र्यासाठी शब्द कुठला वापरतो? 'भक्त'. आपण स्वतःला मोठ्या हौसेने लावतो तोच शब्द. भक्त म्हणजे ज्याने आपला सगळा भार दुसऱ्यावर टाकला आहे तो. देवाने आपल्याला सोडू नये असं वाटत असेल, तर आपल्यावर भार टाकलेल्या जिवाचं आपण काय करतो, हे आधी तपासावं लागतं.

आता आमच्या घरचं. मालगुंडला, केशवसुतांच्या गावात, आमच्याकडे बाजी आहे. जात रॉटवायलर, वजन ४८ किलो. चुलतभावाने मुंबईच्या फ्लॅटमध्ये हौसेने आणला होता. सोसायटीत कुरबुरी सुरू झाल्या आणि चौदा महिन्यांचा असताना तो आमच्या खळ्यात आला. रॉटवायलर ही मुळात जर्मनीतली, गुरं हाकण्याची आणि राखणीची जात. राखण त्याला कुणी शिकवावी लागली नाही. आंब्याच्या दिवसांत तो बाबांबरोबर कलमांतून फिरायचा. माकडं, रानडुकरं यांना त्याचा एक आवाज पुरे व्हायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर चोवीस तास ऑन-कॉल, आणि सात वर्षांत एकही सुट्टी नाही.

या जातीचं आयुष्य साधारण नऊ-दहा वर्षांचं. बाजीचे मागचे पाय आता धरतात. पडवीची पायरी चढताना तो दोनदा थांबतो. गडग्यावर माकड येऊन बसलं तरी मान उचलून नुसता बघतो. मागच्या महिन्यात गावातले एक काका बसायला आले होते. म्हणाले, "आता काय उपयोग याचा? गणपतीपुळ्याकडे नेऊन सोडा. पर्यटक असतात, खायला घालतील."

आई म्हणाली, "भावोजी, सात वर्षं राखण केलीन त्याने. आता त्याची राखण कोणी करायची?"

कोकणात वाढलेल्यांना हा शब्द वेगळा समजावायला नको. आपल्याकडे गावाला, वाडीला राखणदार असतो. तो सांभाळतो, आणि आपण वर्षातून एकदा त्याला राखण देतो. नातं दोन्ही बाजूंनी असतं. नुसतं घ्यायचं आणि द्यायची वेळ आली की पाठ फिरवायची, हे तिथे चालत नाही. मग दारातल्या राखणदाराला वेगळा नियम कसा लावणार? ऑफिसात आपण जुनी सिस्टीम डिप्रिकेट करतो. जीव डिप्रिकेट करता येत नाही.

आता आदिपर्व. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू आलं. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलं नव्हतं, तिकडे बघितलंही नव्हतं. तरी राजाच्या भावांनी त्याला मारलं. सरमा जाब विचारायला आली, कुणी उत्तर दिलं नाही. तेव्हा तिने शाप दिला : तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

मला हा शाप कमी आणि निदान जास्त वाटतो. मोठ्या राखणदार जातीचं पिल्लू कारण नसताना मारून, दिवसभर आखूड साखळीला बांधून वाढवलं की घरात भयच वाढतं. त्याच्या मनातलं भय आधी दिसत नाही. एक दिवस ते दातांतून बाहेर येतं, आणि अनेकदा किंमत मोजतं ते एखादं लहान मूल. साखळी काही सुरक्षा नव्हे. आमच्याकडे रात्री बिबट्या आला तर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे असतात, चार वेद म्हणून. त्यांच्या गळ्यात साखळी मी तरी पाहिलेली नाही.

पण नुसते लाडही नकोत. शेजारची चौथीतली मुलगी आमच्या घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जायची. तिची भीती खरी होती. बाबांनी फाटक उंच केलं, आतून कडी बसवली, बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी कधी चुकवली नाही. रेबीजची लस दरवर्षी. बाजीला सांभाळणं आणि त्या मुलीला निर्धास्त चालता येणं, दोन्ही मिळून धर्म होतो. युधिष्ठिर ज्या गुणाने परीक्षेत उतरला त्याला महाभारत 'आनृशंस्य' म्हणतं, म्हणजे क्रूर न होणं. ते दोघांशीही पाळायचं असतं.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे पाळलेला प्राणी योग्य कारणाशिवाय सोडून देणं गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हाच.

आजचा संकल्प.

रील बघून मोठ्या जातीचं पिल्लू आणायचं मनात असेल, तर थांबा. पुढची दहा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ कोण फिरवणार, त्याचं उत्तर आधी द्या. 'गावी आई-बाबा आहेत' हे उत्तर नव्हे. अठ्ठेचाळीस किलोचा हिसका सत्तरीतल्या मनगटाला बसतो.

घरात आधीच असेल, तर तो काय देतो हा हिशोब आज बाजूला ठेवा. अर्धा तास त्याच्याजवळ बसा. गोचीड काढा, पाणी बदला.

आणि कुत्रा नसेल, तर 'उपयोग संपला' म्हणून मनातल्या मनात आपण कोणाला सोडून दिलंय, तेवढं आठवा. तो माणूसही असू शकेल.

देवा, आमचा उपयोग संपेल त्या दिवशीही आम्हाला दारातून उठवू नकोस. आणि आमच्या दारात जो बसला आहे, त्याला उठवण्याची बुद्धी आम्हाला देऊ नकोस.

रामकृष्ण हरी.