पहिली गोष्ट खरी आहे

नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ एक ड्रायव्हर राहत होता. चाळीस फुटी रीफर कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून माल भरायचा, कसारा घाट उतरायचा आणि भिवंडी, शिळफाटा, कळंबोली करत न्हावा शेवा बंदरात कंटेनर सोडून परत यायचा. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. जहाजावर कंटेनरला वीज मिळते, रस्त्यावर ती कुठून मिळणार? म्हणून ट्रेलरला डिझेलवर चालणारा जनरेटर लावलेला असतो. गाडी उभी असली तरी तो बंद करता येत नाही. बंदराच्या गेटबाहेर रांगेत रात्र गेली, तर रात्रभर तो चालूच राहतो.

चार वर्षं तो एकाच शेठकडे होता. एका मार्चमध्ये रिकामी गाडी घेऊन परतताना पडघ्याजवळ त्याला बीडहून धाकट्या भावाचा फोन आला. वडिलांना रात्रीच दवाखान्यात हलवलं होतं. त्यानं शेठला दोनदा फोन लावला, तो लागला नाही. मग ऑफिसातल्या पोराला निरोप दिला, गाडी पंपाच्या आवारात लावली, चावी पंपावरच्या माणसाकडे ठेवली आणि मिळेल ती एसटी धरली. शेठला निरोप मिळाला तोवर उजाडलं होतं. पिंपळगावचं पहाटेचं लोडिंग हुकलं, माल दुसऱ्याच्या गाडीत भरला गेला आणि त्या पॅकहाउसनं पुढची भाडीही दुसऱ्यालाच दिली.

वडील बरे झाले. आठ दिवसांनी हा परत आला तेव्हा शेठनं त्याला ऑफिसात बसूही दिलं नाही. हिशेब केला आणि शेवटच्या पगारातून मोठी रक्कम कापली. "हंगामभर तुझ्या गाडीला डिझेल जास्त गेलंय. ते कुठं गेलं हे मला कळत नाही असं समजू नकोस," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून कुणी विचारलं की शेठचं उत्तर ठरलेलं असे: "गाडी रस्त्यात टाकून पळतो, आणि डिझेल खातो."

आपल्याकडे ट्रक ड्रायव्हरला शिफारसपत्र कुणी लिहून देत नाही. लायसन खरं की खोटं ते आरटीओच्या पोर्टलवर कळतं. माणूस कसा आहे हे कळायला मात्र जुन्या मालकाला फोन करणं एवढाच मार्ग उरतो. नवा मालक तो फोन करतो यात त्याचं काही चुकत नाही. गाडी कर्जावरची, आत दुसऱ्याचा परदेशी जाणारा माल, आणि हे सगळं तो एका अनोळखी माणसाच्या हाती रात्रीच्या घाटात सोडणार असतो. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसानं हेही लक्षात ठेवायला हवं की त्याच्या एका वाक्यावर कुणाच्या तरी घरातली चूल अवलंबून आहे.

पहिल्या ठिकाणी ड्रायव्हरनं शेठचं नावच काढलं नाही. चार वर्षं गुजरातेत होतो म्हणाला. ट्रान्सपोर्टचा धंदा दिसायला मोठा, पण आडगावात कोणाची गाडी कोण चालवतो हे चहाच्या टपरीवरचं पोरही सांगतं. संध्याकाळपर्यंत खोटं उघडं पडलं आणि आधी नसलेला डाग लागला. दुसऱ्या ठिकाणी त्यानं उलटं केलं. शेठला शिव्या दिल्या, तो पगार कसा बुडवतो, टायर कसे घासलेले वापरतो, सगळं सांगितलं. त्यातलं बरंचसं खरं होतं. समोरच्या मालकानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि "कळवतो" म्हणाला. त्यानं कळवलं नाही. उद्या हा माझ्याबद्दलही असंच बोलेल, हे कोणत्याही मालकाच्या मनात आलंच असतं.

टर्मिनलवर एक म्हातारे दिवाणजी रोज येऊन बसत. जन्मभर एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या फाडलेल्या, हिशेब लिहिलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ड्रायव्हर त्यांच्यापुढं जाऊन बसला आणि म्हणाला, "अण्णा, शेठनं माझं नाव खराब केलंय. सगळं खोटं सांगतोय."

"सगळं?"

"सगळं."

"गाडी सोडून गेला होतास की नाही?"

ड्रायव्हर गप्प झाला. मग म्हणाला, "बाप मरायला टेकला होता, अण्णा."

"ते मला माहीत आहे. मी कारण विचारलं नाही, गेला होतास का ते विचारलं."

"गेलो होतो."

"मग सगळं खोटं कसं? निम्मं खरं आहे. ते निम्मं तू लपवतोस, म्हणून लोक उरलेलं निम्मंही खरं धरतात. जे खरं आहे ते तुझ्या तोंडून आधी जाऊ दे, त्याच्या तोंडून नंतर. आणि जे खोटं आहे त्याला शिवी देऊ नकोस, हिशेब दे."

या गोष्टीचा बोध एवढाच आहे आणि तो अण्णांनी सांगून टाकला. तो अमलात आणणं मात्र अवघड होतं, कारण हिशेब द्यायचा तर तो हवा. ड्रायव्हरकडे वही नव्हती. पावत्या तर प्रत्येक फेरीनंतर ऑफिसात जमा व्हायच्या. पण जमा करण्याआधी तो प्रत्येक कागदाचा फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. पंपाचं बिल, काटा पावती, बंदरात आत गेल्याची पावती, सगळ्यांवर तारीख आणि वेळ. ते फोटो फोनमध्ये तसेच होते. अण्णांनी चष्मा लावला आणि विचारलं, "जनरेटरवर तासांचं मीटर असतं ना?"

"असतं. पॅकहाउसवाले सुरू करताना फोटो मागायचे, बंदरात सोडतानाही मागायचे."

"ते फोटो आधी काढ."

मग दोघं हिशेबाला बसले. शेठचा हिशेब सरळ होता: जाऊन येऊन ४०० किलोमीटर, लिटरला ३.२ किलोमीटरचं ॲव्हरेज, म्हणजे इंजिनाला १२५ लिटर. जनरेटरला ठोक १० तास, तासाला ३ लिटर, म्हणजे ३०. एकूण १५५. पंपाच्या बिलांवर मात्र फेरीला २००च्या आसपास दिसत होतं. वरचे ४५ लिटर ड्रायव्हरनं विकले, असं शेठनं धरलं होतं.

अण्णांनी मीटरचे दोन फोटो शेजारी ठेवले. पिंपळगावला जनरेटर सुरू झाला तेव्हाचा आकडा आणि न्हावा शेव्याला कंटेनर उतरला तेव्हाचा. फरक २५ तासांचा. तासाला ३ लिटर धरले तर ७५. त्यात इंजिनाचे १२५ मिळवले की २००. दुसरी फेरी काढली, तिसरी काढली. जिथं गेटबाहेरची रांग लहान होती तिथं डिझेल शेठच्या आकड्याला टेकत होतं, जिथं रांगेत रात्र गेली होती तिथं वाढत होतं. चोरीचं डिझेल रांगेच्या लांबीप्रमाणं कमीजास्त होत नसतं. शेठनं किलोमीटर मोजले होते, तास मोजले नव्हते.

शेजारी बसलेला एक जण तावातावानं म्हणाला, "आता सोडू नकोस. अब्रुनुकसानीची केस ठोक."

अण्णांनी मान हलवली. "कलम ३५६, पूर्वीचं ४९९. त्याला अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी प्रामाणिकपणे दिलेला इशारा कायदा गुन्हा धरत नाही. शेठ खोटं रचून सांगत असता तर गोष्ट वेगळी. त्याला खरंच वाटतंय की डिझेल गेलं. आणि केस उभी राहून निकाल लागेपर्यंत तुझ्या घरात काय शिजणार? आधी त्याच्याकडेच जा."

"त्याच्याकडे? त्यानं माझे पैसे कापलेत!"

"म्हणूनच. पैसे मागायला जाऊ नकोस, चांगलं बोला म्हणायलाही जाऊ नकोस. पैशाचा दावा तुझा राहीलच, त्याला कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे. आज फक्त त्याचा गैरसमज त्याच्यासमोर ठेव."

जिनं आपल्याला घालवलं ती पायरी पुन्हा चढायला केस लढण्यापेक्षा जास्त बळ लागतं, असं मला वाटतं. ड्रायव्हर दोन दिवस टाळत राहिला, तिसऱ्या दिवशी गेला. शेठनं मान वर केली नाही. हा उभ्यानंच बोलला: "शेठ, गाडी सोडून गेलो ते चुकलं. बापाकडे जायला हवंच होतं, पण तुमच्याशी बोलणं होईपर्यंत, गाडी कोणाच्या हातात द्यायची ते ठरेपर्यंत थांबायला हवं होतं. तुमचं भाडं बुडालं, ते मला कळतं. डिझेल मात्र मी खाल्लं नाही. हे बघा."

त्यानं फोटो दाखवले, अण्णांचा हिशेबाचा कागद टेबलावर ठेवला. शेठनं कागद उचलला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. माफी मागितली नाही, पैसे परत केले नाहीत. "बघतो," म्हणाला. ड्रायव्हर निघताना म्हणाला, "कुणी विचारलं तर गाडीचं सांगा, ते खरं आहे. डिझेलचं सांगण्याआधी एवढा कागद पडताळून बघा, एवढंच मागणं आहे."

इथं एक गोष्ट शेठच्या पारड्यात टाकून दुसरी ड्रायव्हरच्या पारड्यात टाकायला हवी. १९६१ सालच्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास घालून दिले, पण तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यासाठी होता. दोन-तीन गाड्यांचे मालक त्याच्या बाहेरच राहिले. हंगामात ड्रायव्हरला सुट्टी मागायची सोय नसते आणि बदली माणूस ठेवायची मालकाची ऐपत नसते. घरून फोन आला तर काय करायचं, हे आधी कुणीच ठरवत नाही. मग एखाद्या रात्री गाडी पंपावर उभी राहते आणि दोघांचंही नुकसान होतं.

पिंपळगावला एक बाई तीन ट्रेलर चालवीत होत्या. नवरा गेल्यावर धंदा त्यांनीच हातात घेतलेला. सगळे त्यांना ताई म्हणत. ड्रायव्हर त्यांच्याकडे गेला आणि काम मागण्याआधीच म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या जुन्या शेठना फोन कराल. ते तुम्हाला दोन गोष्टी सांगतील. पहिली खरी आहे. मी एकदा गाडी पंपावर लावून घरी गेलो होतो." काय झालं, कशामुळं झालं, आणि शेठचं किती नुकसान झालं, तेही त्यानं सांगितलं. "परत अशी वेळ आली तर तुमच्याशी बोलल्याशिवाय मी स्टिअरिंग सोडणार नाही. पण ताई, तुम्हीही मला आत्ताच सांगून ठेवा, तुमचा फोन लागला नाही तर कुणाला करायचा."

ताईंनी जरा थांबून कागदावर दोन नंबर लिहिले, एक दिराचा, एक त्यांच्याच दुसऱ्या ड्रायव्हरचा. "आणि दुसरी गोष्ट?"

"ती डिझेलची. ती खरी नाही." त्यानं अण्णांचा कागद पुढं केला. "यावर विश्वास ठेवू नका हवं तर. एक फेरी टाकी भरून द्या, परत आल्यावर टाकी भरून बघा आणि मीटरचे तास मोजा."

ताईंनी त्याच्यासमोरच शेठना फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते ड्रायव्हरला ऐकू आलं नाही. ताई म्हणाल्या, "हो, ते त्यानं सांगितलं मला." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. मग विचारलं, "आणि डिझेलचं?" पुन्हा ऐकलं. फोन ठेवला.

"गाडीबद्दल तू सांगितलंस तेच ते म्हणाले. डिझेलचा हिशेब पुन्हा बघतोय म्हणाले, आत्ता काही सांगता येणार नाही." त्यांनी किल्ली पुढं केली. "उद्या पहाटे चारला लोडिंग आहे. निघताना मीटरचा फोटो मला पाठव, आणि गेटवर रांगेत लागलास की आणखी एक."