सायकल कोठे लावावी?

शीर्षक वाचून कोणी म्हणेल की, या पानांवर तौहीद, नमाज आणि जकात यांची चर्चा व्हावी. सायकल कोठे लावावी हा महानगरपालिकेचा विषय आहे. फिकहच्या ग्रंथांशी ज्याचा परिचय आहे, तो असे म्हणणार नाही. आपल्या मदरशांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात वाटेत उभ्या केलेल्या जनावराविषयी सविस्तर विवेचन आहे. त्याचे कर्ते इमाम मर्गीनानी (रह.) बाराव्या शतकातले. त्यांच्यापुढे घोडे, खेचरे आणि उंट होते. आपल्यापुढे सायकली आहेत. प्रश्न मात्र तोच आहे. जळगावच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या फाटकाबाहेर आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर दुकानांच्या पायऱ्यांशी तो रोज सकाळी उभा राहतो: कामावर येणाऱ्याने आपले वाहन कोठे थांबवावे, आणि त्याच्या थांबण्याने कोणाला इजा झाली तर दोष कोणाचा?

‘हिदाया’तील मसला असा आहे. स्वार चालला असताना त्याच्या जनावराने कोणाला तुडविले, तर भरपाई स्वाराने द्यावी. चालत्या जनावराने मागच्या पायाने लाथ मारली, तर मात्र त्याच्यावर भरपाई नाही. कारण ती लाथ आवरणे त्याच्या हाती नसते. आता त्याच स्वाराने जनावर वाटेत उभे केले आणि तेथे त्याने लाथ मारली, तर? तेव्हा लाथेचीही भरपाई स्वारावर येते. लाथ टाळता आली नसती हे खरे, पण वाटेत उभे करणे टाळता आले असते. सार्वजनिक वाटेवरून जाणे प्रत्येकाला मुबाह आहे, परंतु इतरांच्या सुरक्षिततेच्या अटीवर, असे तत्त्व यामागे आहे. त्याच शतकातील इमाम कासानी (रह.) यांनी ‘बदाइउस्सनाइ’ या ग्रंथात आणखी एक मसला दिला आहे. मशिदीच्या दारात जनावर उभे करणे हे वाटेत उभे करण्यासारखेच होय. पण राज्यकर्त्याने मशिदीच्या दाराशी जनावरांसाठी जागा नेमून दिली असेल, तर तेथे उभे केल्यामुळे घडलेल्या नुकसानीची भरपाई पडत नाही.

हे दोन मसले शेजारी ठेवून वाचावेत. पहिला मसला थांबविणाऱ्याला विचारतो, तुला हे टाळता आले नसते काय? दुसरा त्याच्या पलीकडे पाहतो आणि विचारतो, जागा नेमून देणे ज्याच्या हाती होते, त्याने ती दिली काय? पहिला प्रश्न आपण मजुराला रोज विचारतो. दुसरा फारसा कोणी विचारीत नाही.

मजुराची बाजू घेताना वाटेचा हक्क विसरून चालणार नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी प्रवाशांना शिकविले की, रात्री मुक्काम करायचा तर वाट सोडून उतरावे, कारण रात्री वाटेवरून जनावरे जातात आणि विषारी कीटक तिचा आसरा घेतात. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. अरबस्तानातील ओसाड वाट, रात्रीची वेळ, थकलेला प्रवासी. तरीही वाट मोकळी ठेवण्याची शिकवण आहे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही तर ईमानची एक शाखाच म्हटली आहे. तेव्हा पदपथावर आडवी लावलेली सायकल, जिच्या हँडलला अडखळून एखादी वृद्धा पडते, ती गरिबाची आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. पडणारी वृद्धाही बहुधा गरीबच असते.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरापैकी सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर किंवा मोटारसायकल सुमारे २१ कुटुंबांकडे. त्यानंतर मोटारसायकली पुष्कळ वाढल्या. तरीही मेहरूण, तांबापुरा या वस्त्यांतून जळगावच्या चटई कारखान्यांकडे आणि डाळमिलांकडे निघणारा हमाल, धुळ्याचा यंत्रमाग कामगार, अवधानच्या एमआयडीसीतील रात्रपाळीचा पहारेकरी यांच्यातील कितीतरी जण सायकलीवरच असतात. रेल्वेने अपडाऊन करणारे काही जण तर दोन सायकली बाळगतात. एक गावच्या स्टेशनावर, दुसरी कामाच्या शहरात. ही सायकल हौसेची नव्हे. रिक्षाचे भाडे रोज दिले, तर मजुरीत बरकत राहत नाही. नवी साधी सायकल घ्यायची म्हटले, तर पंधरा दिवसांची मजुरी सहज जाते.

आणि या मालमत्तेला आपण जागा कोणती देतो? फाटकाबाहेरची भिंत, गटारीचा काठ, विजेचा खांब. आपल्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांना भिडतो. दिवसभर उन्हात तापलेल्या सीटवर संध्याकाळी हात ठेववत नाही आणि ट्यूब फुटली तर पंक्चरचे पैसे त्या दिवसाच्या मजुरीतून जातात. आत मात्र मोटारींसाठी पत्र्याची शेड असते. हजरत अबू जर (रजि.) यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे: जे तुमच्या हाताखाली आहेत ते तुमचे बंधू होत, आपण खातो त्यातून त्यांना खाऊ घालावे, आपण लेतो त्यातून त्यांना लेववावे. जो हे मान्य करतो, त्याला सावलीचा प्रश्न अवघड वाटू नये. शेडचा एक कोपरा सायकलींना दिला, तर मोटार काही उन्हात पडत नाही.

येथे मालक एक युक्तिवाद करतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, “मी माणसाचे काम मजुरीने घेतले आहे. तो पायी यावा, सायकलीवर यावा की बैलगाडीत, हा त्याचा प्रश्न. करारात सायकल कोठे आहे?” इजाऱ्याच्या अक्षरशः अर्थाने पाहिले तर हे बरोबर आहे. परंतु शरीअतमध्ये करार केवळ उच्चारलेल्या शब्दांचा नसतो. उर्फने, म्हणजे लोकरूढीने, जे सर्वज्ञात आहे, ते अट घातल्यासारखेच मानले जाते. उस्मानी राजवटीत १८६९ ते १८७६ या काळात सिद्ध झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेत हे ४३ वे कलम आहे, आणि ८७ व्या कलमात म्हटले आहे की, ज्याचा लाभ त्याचा भार. कारखाना वस्तीपासून दूर उभारला, कारण तेथे जमीन आणि सवलती मिळाल्या. पाळी सकाळी सातची लावली, कारण उत्पादन त्या वेळी हवे होते. उशीर झाला तर हजेरी कापली. कामगार वेळेवर पोहोचतो तो सायकलीमुळे, आणि त्या वेळेवर येण्याचा लाभ मालकाच्या पदरात पडतो. मग सायकलीच्या जागेचा भार एकट्या कामगारावर आणि रस्त्याने चालणाऱ्या परक्या माणसावर कसा टाकता येईल? माझ्या मते ही जागा मेहेरबानी नाही. ती मजुरीच्या कराराचा न बोललेला भाग आहे. हे मत आहे, फतवा नव्हे. पण त्याचा आधार वर दिला आहे.

देशाच्या कायद्यानेही हा भाग बराच काळ अबोल ठेवला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कल्याणविषयक प्रकरणाने हातपाय धुण्याची सोय, कामाच्या वेळी न वापरायचे कपडे ठेवण्याची जागा, २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह, १५० हून अधिक असतील तेथे विश्रांतीची व डबा खाण्याची खोली, असे पुष्कळ सांगितले. सदऱ्याला खुंटी मिळाली, सायकलीचा त्या प्रकरणात उल्लेख नाही. आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला देत असत. कर घेतला जात होता, तेव्हाही जागेचे उत्तर ज्याचे त्यानेच शोधायचे होते.

बाजारपेठेतील प्रकार याहून गंभीर आहे. व्यापारी संकुलाचा नकाशा मंजूर करून घेताना तळघरात वाहनतळ दाखवायचे आणि बांधून झाल्यावर तेथे गाळे किंवा गोदाम काढायचे, ही रीत कोणत्याही शहराला नवी नाही. असा गाळा भाड्याने घेणारे आपले बांधवही आहेत, नमाजी आहेत, हाजी आहेत. सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. मंजूर नकाशा हा शहराशी केलेला करार होय. त्या तळघरात ज्यांची सायकल उभी राहायची, त्यांची ती जागा घेऊन आपण तिचे भाडे खातो, आणि वर दुकानापुढे सायकल लावणाऱ्या पोऱ्याला हुसकावतो. ही कमाई कितपत पाक आहे, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी बसून करावा.

धुळ्यातील लहान यंत्रमागधारकाची गोष्ट निराळी. गल्लीत चार माग, वर राहते घर. अंगण त्याच्याच मुलांना नाही, तो सायकलींना कोठून देणार? अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकीत नाही. त्याने एवढे करावे की, सायकली एका बाजूला ओळीने लागतील असे पाहावे आणि शेजाऱ्याच्या दारापुढे त्या लावण्याआधी शेजाऱ्याला विचारावे. दुसऱ्याच्या खिडकीच्या गजाला साखळी घालणे हेही परवानगीवाचून दुसऱ्याची वस्तू वापरणेच आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतील हदीस सायकलीला कुलूप घालताना आपण आनंदाने सांगतो. ते कुलूप कशाला अडकविले, तेही पाहावे.

पैसे देऊन स्टँडवर सायकल ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मराठीत ‘ठेवणे’ या क्रियेतूनच ‘ठेव’ हा शब्द आला आहे, आणि फिकहमधील ‘वदीअत’चा अर्थही तोच. ‘वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत’ अशी पाटी स्टँडवर असते. फुकट सांभाळलेली ठेव हयगय नसताना हरवली, तर सांभाळणाऱ्यावर भरपाई नाही. मोबदला घेऊन सांभाळलेली ठेव मात्र राखता येण्यासारख्या कारणाने, जसे चोरीने, गेली, तर भरपाई द्यावी लागते. ‘मजल्ला’च्या ७७७ व्या कलमात हे स्पष्ट आहे. पावती फाडून पैसे घेणारा राखण करण्याचेच पैसे घेतो. पाटी लावली म्हणून अमानत उतरत नाही.

शेवटी आपले स्वतःचे दार. जुम्याच्या दिवशी मशिदीपुढे काय दिसते? मोटारसायकली रस्त्याच्या मध्यापर्यंत, आणि कामावरून अर्ध्या तासाची सुट्टी काढून आलेल्या मजुराची सायकल त्यांच्या मागे अडकलेली. नमाज संपल्यावर ज्याला सर्वांत आधी निघायचे असते, तोच सर्वांत शेवटी निघतो आणि कारखान्यात त्याची हजेरी कापली जाते. मशिदीच्या दारातील वाहनांचा मसला इमाम कासानींनी आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे. मशीद कमिटीने दाराच्या एका अंगाला चुन्याची रेघ ओढून सायकलींची जागा राखावी, अजानपूर्वी एका तरुणाला तेथे उभे करावे आणि रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता मोकळा ठेवावा. चुन्याला खर्च फार येत नाही.