ऊन विणलेलं कापड

"मावशी, आता शर्टच फोन चार्ज करणार," असं भाचा परवा म्हणाला आणि ते वाक्य मनात सलत राहिलं. उन्हापासून वीज कशी होते, हे शाळकरी मुलंही सांगतात. मी अडले ती कापडापाशी. कापड पिळता येतं, विटलं तरी वापरता येतं, फाटलं तर ठिगळ लागतं. म्हणून कापडावर चिकटवणं वेगळं आणि कापडात विणणं वेगळं, हे मी धरून बसले.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी १२०० सोलर सेल विणलेलं कापड दाखवलं. एकेक सेल ५ मिलिमीटर लांब, दीड मिलिमीटर रुंद, रेझिनमध्ये बंद करून धाग्यात घातलेला. ते कापड वाकतं, मशीनमध्ये ४० अंशांच्या पाण्यात धुताही येतं. आई गोधडी शिवताना जाड शिवण बोटानं दाबून पाहायची; पाठीला टोचेल असं वाटलं तर उसवायची. या लोकांनी तेच केलं: कापडाला ताठ केलं नाही, सेलमधल्या सिलिकॉनलाच लहान केलं. माझी पहिली हरकत इथंच गळाली.

भाच्याशी वाद मात्र उरतो. हे कापड चांगल्या उन्हात सुमारे ४०० मिलिवॅट देतं. फोनची बॅटरी साधारण १५ वॅट-तासांची. म्हणजे ३७ तासांहून जास्त कडक ऊन हवं! तो म्हणतो, सेल सुधारतील. सुधारतीलच, १९५४ मध्ये बेल लॅब्सचा सेल जेमतेम ६ टक्के ऊन विजेत बदलायचा, आज बाजारातले सेल २० टक्क्यांच्या पुढं गेलेत. पण माणूस म्हणजे छतावरचं पॅनल नव्हे. तो वळतो, वाकतो आणि मे महिन्यातल्या अकोल्यात तर सावलीच शोधतो.

म्हणून हे निरुपयोगी, असं लिहिणार होते. मग डोळ्यांपुढं आल्या रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका. डोक्यावरचा पदर घामानं कपाळाला चिकटलेला. त्यांना ऊन चुकवता येत नाही. अंगाचं तापमान मोजून वेळीच इशारा देणाऱ्या सेन्सरला काही मिलिवॅट पुरतात. फोनला अपुरं पडणारं कापड इथं पुरून उरतं.

म्हणून मला हे कापड हवं आहे, पण आधी त्यांच्यासाठी. आणि सेल मेल्यावर ते उसवून काढता आले पाहिजेत, म्हणजे उरलेल्याची गोधडी होईल.